आमच्या मताची गोष्ट शाळेच्या भिंतीवर लिहा

प्रति,
माननीय महापौर, माननीय आयुक्त आणि सर्व सन्माननीय सदस्य,
सोलापूर महानगरपालिका, इंद्रभुवन, सोलापूर.

विषय: मतदान केंद्र म्हणून वापरल्या जाणाऱ्या महापालिकेच्या शाळांत स्त्रियांच्या मताधिकाराचा इतिहास सांगणारे फलक रंगवण्याबाबत.

स. न. वि. वि.

मी या शहरातली निवृत्त प्राथमिक शिक्षिका. नोकरीत असताना बरीच वर्षे मतदार यादीचे काम केले. शाळा सुटली की यादीचा गठ्ठा पिशवीत घालायचा आणि पूर्व भागातल्या गल्ल्यांतून दारोदार हिंडायचे. अशाच एका दुपारी एका घरी गेले. उंबऱ्याच्या आत एक बाई मांडीवर सूप घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. ओल्या पोत्यात गुंडाळलेली पाने शेजारी, तंबाखूचा वास घरभर. मी नाव विचारले. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "कुठलं सांगू बाई? पीएफचं एक हाय, आधारचं एक हाय, लग्नात ठेवलेलं आनखी एक."

तिन्ही नावे मी कागदाच्या पाठीमागे लिहून घेतली. माझ्या हातातल्या यादीत चौथेच छापले होते. मागच्या निवडणुकीत त्या उन्हात रांगेत उभ्या राहून मत न देताच परत आल्या होत्या. "जुळंना म्हनले," एवढेच त्या बोलल्या आणि पुढच्या विडीला दोरा बांधला.

ती दुपार मी विसरले नाही, म्हणूनच हे पत्र लिहिते आहे.

१९५१-५२ साली देशाची पहिली सार्वत्रिक निवडणूक झाली. याद्या करायला कर्मचारी गावोगाव फिरले, तेव्हा लक्षावधी बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. परक्या पुरुषाला नाव सांगायचे नाही, अशी रीत होती. त्या म्हणाल्या, अमक्याची बायको लिहा, तमक्याची आई लिहा. मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी ठरवले की अशी नोंद चालणार नाही, यादीत बाईचे स्वतःचे नाव पाहिजे. मुदत वाढवून दिली, समजावून सांगितले. तरीही सुमारे २८ लाख बायकांची नावे शेवटी वगळावी लागली. त्यांतल्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. निर्णय कठोर होता, पण मला तो योग्य वाटतो. मत बाईचे असेल तर नावही बाईचेच पाहिजे. पुढच्या निवडणुकीत परिस्थिती पुष्कळ सुधारली.

आता मूळ मुद्द्यावर येते. निवडणुकीच्या दिवशी मतदान केंद्र बहुधा आपल्याच एखाद्या शाळेतला वर्ग असतो. मी त्या वर्गांत शिकवले आहे आणि मतदानाच्या दिवशी तिथेच टेबलामागे बसलेही आहे. भिंतीवर पाढे असतात, बाराखडी असते, थोर पुरुषांच्या तसबिरी असतात, सावित्रीबाई असतात. पण ज्या कामासाठी त्या दिवशी बायका तिथे येतात, त्या कामाची गोष्ट भिंतीवर नसते. इथे उभे राहण्याचा हक्क कुणी मागितला, कुणी नाकारला, कसा मिळाला, याची एक ओळही नसते.

ती नसल्यामुळे एक चुकीची समजूत घट्ट बसली आहे. इंग्लंडातल्या बायकांनी मतासाठी तुरुंगवास भोगला, आपल्या बायकांना मात्र राज्यघटनेने आयते दिले, असे सुशिक्षित माणसेही सांगतात. मीसुद्धा कितीतरी वर्षे वर्गात असेच सांगत होते. ज्या मुलींना मी हे सांगितले त्या आता चाळिशीत आहेत. त्या चुकीची भरपाई करायची मला फार इच्छा आहे.

खरी गोष्ट अशी आहे. १८ डिसेंबर १९१७ रोजी मद्रासमध्ये भारतमंत्री मॉन्टेग्यू यांच्यापुढे स्त्रियांचे एक शिष्टमंडळ उभे राहिले. सरोजिनी नायडू त्याच्या प्रमुख होत्या आणि निवेदन तयार करण्यात मार्गारेट कझिन्स यांचा मोठा हात होता. मागणी साधी होती. नव्या सुधारणांत 'जनता' म्हणाल तेव्हा त्यात आम्हालाही धरा. पुढे मताधिकार ठरवायला साउथबरो समिती आली. तिने सांगितले, हिंदुस्थानातल्या सामाजिक स्थितीत स्त्रियांना मत देणे घाईचे होईल. त्यावर मुंबईच्या हेराबाई टाटा आणि त्यांची मुलगी मिठन १९१९ साली बोटीने लंडनला गेल्या आणि पार्लमेंटच्या समितीपुढे बाजू मांडली. मायलेकींनी तिथे सभा घेतल्या, खासदारांना भेटल्या. पार्लमेंटने अर्धेच ऐकले. कायद्यात स्त्रियांना मत दिले नाही, पण प्रांतांच्या कौन्सिलांना, म्हणजे तिथल्या कायदेमंडळांना, वाटल्यास त्यांनी द्यावे, असे दार किलकिले ठेवले. मिठन तिथेच शिकली आणि १९२३ साली बॅरिस्टर होऊन मुंबई उच्च न्यायालयात आली. तिथली ती पहिली स्त्री बॅरिस्टर.

किलकिले दार ढकलायचे काम आपल्याकडे रमाबाई रानड्यांनी केले. त्यांच्याविषयी मला थोडे सविस्तर लिहू द्या, कारण आपल्या गावाशी त्यांचे नाते आहे आणि न्यायमूर्ती रानड्यांची पत्नी यापलीकडे त्यांची ओळख फारशी कुणाला नसते.

त्यांचे माहेरचे नाव यमुना. देवराष्ट्रे गावच्या कुर्लेकरांची मुलगी. १८७३ साली, अकराव्या वर्षाच्या सुमारास लग्न झाले आणि यमुनेची रमा झाली. अक्षर ओळखत नव्हती. रात्री न्यायमूर्ती शिकवीत आणि दिवसा घरातल्या थोरल्या बायका त्यावरून टोचून बोलत. वर शिकायचे आणि खाली ऐकून घ्यायचे, असे दिवस काढल्याचे त्यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. त्यांच्या लिहिण्यात कुणाबद्दल कडवटपणा नाही, हे मला प्रत्येक वाचनात नव्याने जाणवते. १९०१ साली न्यायमूर्ती गेले. त्या वेळी रमाबाई चाळिशीच्या आसपास होत्या. त्या काळच्या विधवेने कोपऱ्यात बसून दिवस मोजायचे असत. या बाईने १९०४ साली मुंबईत भारत महिला परिषदेचे अध्यक्षपद भूषवले आणि १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले. शिवण, शिक्षण, परिचारिकेचे शिक्षण. परिचारिकेचे काम तेव्हा घरंदाज बायकांना कमीपणाचे मानले जाई, आणि त्यांनी ते विधवांच्या हाती सन्मानाचे म्हणून दिले. त्याच सेवासदनाची शाखा सोलापुरात आली. तिथे शिकलेल्या मुली आज या शहरात घरोघरी भेटतील.

यानंतरचा प्रसंग तुम्ही, नगरपालिकेच्या वारसदारांनी, मुद्दाम ऐकावा असा आहे. १९१८ च्या कायद्याने मुंबई इलाख्यातल्या नगरपालिकांना प्राथमिक शिक्षण सक्तीचे करता येऊ लागले. पुण्यात वाद उठला की पैसा अपुरा आहे, तेव्हा आधी मुलांना सक्ती करू, मुलींचे मागाहून बघू. १९२० साली पुण्याच्या बायका मोर्चा काढून रस्त्यावर उतरल्या. रमाबाई त्यांच्या पुढे होत्या. साठीला टेकलेली बाई, नऊवारी नेसून, भर रस्त्यातून नगरपालिकेला सांगायला निघाली की मुलींनाही आत्ताच. मताचा लढा लंडनला गेला, कौन्सिलात गेला, हे खरे. पण आपल्याकडच्या बायका सार्वजनिक कामासाठी रस्त्यावर आल्या त्या नगरपालिकेच्या शाळेत मुलींना जागा मागायला. ज्या शाळांच्या भिंती मी तुमच्याकडे मागते आहे, त्या शाळांशी ही गोष्ट अशी थेट जोडलेली आहे.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, मुंबई कौन्सिलाने स्त्रियांना मताचा हक्क देणारा ठराव मंजूर केला. मद्रासने काही महिने आधी केला होता. त्या मोहिमेतही रमाबाई होत्या. १९२४ साली त्या गेल्या. त्यांचा जन्मदिवस २५ जानेवारी, आणि २०११ पासून देशभर राष्ट्रीय मतदार दिवस पाळला जातो तोही २५ जानेवारीलाच. निवडणूक आयोगाच्या स्थापनेची तारीख म्हणून तो दिवस निवडला गेला. योगायोगच आहे, पण दरवर्षी त्या दिवशी शाळाशाळांत मतदाराची शपथ घेतली जाते आणि रमाबाईंचे नाव निघत नाही, याचे मला वाईट वाटते.

मुंबईच्या अवंतिकाबाई गोखल्यांचेही नाव फलकावर हवे. परिचारिका म्हणून शिकलेल्या, चंपारणला जाऊन खेड्यातल्या बायकांत काम केलेल्या अवंतिकाबाई १९२३ साली मुंबई महापालिकेत निवडून गेल्या. आज आपल्या सभागृहात कायद्याने निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत. त्या जागांवर बसलेल्या भगिनींनो, तुमच्या बाकाच्या वंशावळीत ही बाई आहे.

एवढेच सांगून थांबले तर मी अर्धी गोष्ट सांगितली असे होईल. १९२१ चे मत सगळ्या बायकांचे नव्हते. ज्यांच्या नावावर मिळकत होती, ज्या कर भरत होत्या, त्यांचे होते. आमच्याकडे कुणाच्या नावावर काय असणार? माझी आजी जुन्या गिरणीत रिळिंग खात्यात होती. दुष्काळात गाव सोडून घरच्यांबरोबर सोलापुरात आलेली. भोंगा झाला की निघायचे आणि अंधार पडल्यावर परतायचे. ज्या कौन्सिलाने ठराव केला, त्याच्या दृष्टीने ती मतदार नव्हतीच. १९३५ च्या कायद्याने संख्या वाढवली, त्यात एक अट अशीही होती की मिळकतदार मतदाराची बायको म्हणून बाईला मत मिळेल. अखिल भारतीय महिला परिषदेने त्याला विरोध केला. आम्हाला कुणाची तरी बायको म्हणून मत नको, माणूस म्हणून द्या. ही परिषद १९२७ साली पुण्यात सुरू झाली होती आणि त्यांच्यात बहुतेक जणी सुखवस्तू घरांतल्या होत्या. स्वतःला मिळत असलेले मत नाकारून त्या सर्वांसाठी मागत होत्या, याचे श्रेय त्यांना दिलेच पाहिजे.

पण माझ्या आजीसारखीच्या मतासाठी सर्वांत आधी आणि सर्वांत स्पष्ट बोलले ते डॉ. बाबासाहेब आंबेडकर. सायमन कमिशनपुढे १९२८ साली त्यांनी प्रत्येक प्रौढ स्त्रीपुरुषाला मत मागितले. शिक्षणाची अट नको, मिळकतीची नको. आणि २० जुलै १९४२ ला नागपुरात दलित वर्गातल्या हजारो स्त्रियांची परिषद भरली, सुलोचनाबाई डोंगरे अध्यक्ष होत्या. त्या परिषदेचे ठराव मी पहिल्यांदा वाचले तेव्हा आमच्या गल्लीतच कुणी बसून लिहिल्यासारखे वाटले. गिरण्या, विडी कारखाने, नगरपालिका आणि रेल्वे यांत काम करणाऱ्या बायकांना वर्षाला २१ दिवसांची रजा द्या. गिरणीत बायकांवर देखरेखीला बाईच नेमा. कायदेमंडळांत आम्हाला राखीव जागा द्या. सोलापूरच्या फलकावर रमाबाईंइतक्याच मोठ्या अक्षरांत हे ठराव आले पाहिजेत. हे शहर गिरणीने आणि विडीने वाढवले आहे.

१९५२ साली आजीने पहिले मत दिले. त्या दिवसाची हकिगत वडिलांनी मला कितीदा तरी सांगितली. खाडा करून, धुवट लुगडे नेसून ती शेजारणींबरोबर केंद्रावर गेली. टेबलामागच्या माणसाने विचारले, नवऱ्याचे नाव काय? आजी गप्प. नवऱ्याचे नाव उखाण्यात घ्यायचे, एरवी जिभेवर आणायचे नाही. मागे रांग खोळंबली. शेवटी पाठीमागच्या शेजारणीने आजोबांचे नाव सांगितले आणि तिची पाळी आली तेव्हा तिच्या नवऱ्याचे नाव आजीने सांगितले. अशा जोडीजोडीने आमच्या चाळीतल्या बायकांनी स्वतंत्र भारतातले पहिले मत दिले.

यादीत आजीचे सासरचे नाव होते. माहेरचे काय होते? मी वडिलांना विचारले, आत्याला विचारले, गावाकडच्या चुलत घरी जाऊन विचारले. कुणालाच ठाऊक नाही. धाकली, सूनबाई, वैनी, अमक्याची आई, मग आजी. ज्या नावाने तिच्या आईने तिला हाक मारली, ते नाव तिच्याबरोबर गेले.

आपल्याच जिल्ह्यात पंढरपूरला १८७५ साली प्रार्थना समाजाच्या लालशंकर उमियाशंकर यांनी अनाथ अर्भकांसाठी आश्रम काढला. विठ्ठलाच्या गावी फसवल्या गेलेल्या, टाकून दिलेल्या विधवा येत, आणि त्यांच्या बाळांचे जीव वाचावेत म्हणून हे काम सुरू झाले. त्याआधी पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी १८६३ मध्ये तेच केले होते. लालशंकरांचे नाव इतिहासात आहे, आणि असायलाच हवे. तिथे आलेल्या आयांची नावे मात्र झाकून ठेवणे भागच होते, कारण नाव उघडे पडले तर जीव गेला असता. नाव सांगता न येणे ही बाईच्या बाबतीत लाजाळूपणाची गोष्ट क्वचितच होती. बहुतेक वेळा ती भीतीची होती. म्हणून सुधारणेच्या कामात आणि मताच्या लढ्यात मला फरक करता येत नाही. पुण्याला जाताना दौंड सुटले की केडगाव लागते, पंडिता रमाबाईंचे मुक्ती मिशन तिथलेच. १८८२ साली सरकारच्या शिक्षणविषयक हंटर आयोगापुढे बायकांसाठी बायकाच डॉक्टर आणि शिक्षिका हव्यात असे सांगणारी ही बाई मताच्या चळवळीत नव्हती, पण सरकारपुढे उभे राहून स्वतःच्या नावाने बोलायचे कसे, हे तिने आधीच दाखवून ठेवले होते.

गेल्या काही वर्षांत सरकारने चांगली पावले टाकली. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर महाराष्ट्रात बापाच्या आधी आईचे नाव लागते. आमच्या शहराने बायकांची नावे ठेवण्यातही कंजुषी केलेली नाही. विद्यापीठाला अहिल्यादेवींचे नाव आहे. कुंभारीला विडी कामगार बायकांनी दहा हजार घरांची वसाहत उभी केली, तिला गोदूताई परुळेकरांचे नाव दिले, ज्यांनी तलासरीच्या वारली आदिवासींना वेठबिगारीविरुद्ध उभे केले. विडी वळणाऱ्या बायकांनी आपल्या वसाहतीला हे नाव निवडले, याचा मला सोलापूरकर म्हणून अभिमान आहे. चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, १२ जानेवारीला आपण त्यांना विसरत नाही. डॉ. कोटणीसांचे स्मारक आहे. आठवण ठेवणारे गाव आहे हे. म्हणून मागायचे धाडस होते.

माझी मागणी खर्चाची नाही. ज्या शाळांत मतदान केंद्र असते त्या प्रत्येक शाळेत, बायकांची रांग लागते त्या बाजूची एक भिंत रंगवून घ्या. पेंटरचा एखाद्या दिवसाचा रोज आणि रंगाचे डबे. पुठ्ठ्याचे छापील फलक नकोत, ते वर्षभरात फाटतात आणि कपाटामागे जातात. मजकूर छोटा असावा, रांगेत उभ्या उभ्या वाचून होईल एवढा. या शहरात चार भाषांत मुले शिकतात, तेव्हा मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू, जिथे जी शाळा तिथे ती भाषा. रमाबाईंच्या नावाखाली यमुना कुर्लेकर हेही लिहा. आणि २५ जानेवारीला शपथ होते तेव्हा एखाद्या मुलीने तो मजकूर मोठ्याने वाचावा.

कुणी म्हणेल, आधी रस्ते आणि पाणी बघा, भिंती कसल्या रंगवता. पाण्याचा हंडा बाईच्याच कमरेवर असतो, तिला हे सांगायला नको. पण १९२० साली पुण्यात हाच युक्तिवाद होता, पैसे अपुरे आहेत, मुलींचे मागाहून. मागाहून म्हणजे केव्हा, हे तेव्हाही कुणी सांगितले नव्हते.

१९३० साली ज्या नगरपालिकेने इंग्रजांच्या राज्यात इमारतीवर तिरंगा चढवला, तिच्याकडे मी हे मागते आहे. मराठी मजकूर मी लिहून देईन, बाकीच्या भाषांसाठी माझ्या जुन्या सहकारी शिक्षिका तयार आहेत. आमच्यापैकी कुणालाच मानधन नको.

आणखी एक. भिंतीच्या खालच्या भागात हात-दोन हात जागा मोकळी ठेवा. शाळेतल्या मुलींनी आपापल्या पणजीचे माहेरचे नाव घरी विचारून यावे आणि तिथे लिहावे. पुष्कळ जणींच्या घरी अजून सांगणारे कुणी तरी असेल. माझ्या आजीचे मला लिहिता येणार नाही, म्हणून म्हणते, लवकर करा.

आपली विश्वासू,
एक निवृत्त शिक्षिका,
सोलापूर